आधी खिडकी, मग बटणं : सोनोग्राफीची प्रतिमा स्वच्छ कशी मिळवावी

मागच्या पावसाळ्यात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका तरुण डॉक्टरनं रुग्णाचं नाव झाकून मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. खाली एकच ओळ होती : "मॅडम, मशीन बदलायची वेळ आली का?" फोटोत यकृत असावं असा अंदाज बांधता येत होता, इतकंच. मी फोटो मोठा करून कडेचे आकडे वाचले. डेप्थ, म्हणजे चित्रात किती खोलवर पाहायचं ते, २४ सेंटिमीटर; फोकसचा, म्हणजे किरण जिथं सर्वांत बारीक होतो त्या पातळीचा, बाण ४ सेंटिमीटरवर; आणि गेन, म्हणजे परत आलेला आवाज किती वाढवून दाखवायचा ते, जवळजवळ टोकाला. फोनवरूनच तीन गोष्टी बदलायला सांगितल्या, रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून पोट फुगवून श्वास धरायला लावला. पाच मिनिटांत दुसरा फोटो आला. त्यात यकृतातल्या शिरा एकेक करून दाखवता येत होत्या.

मी फोंड्यात सोनोग्राफी करते. नवीन डॉक्टर शिकायला येतात तेव्हा त्यांचा हात पहिल्या मिनिटाला गेनच्या बटणाकडे जातो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पहिले दोन दिवस मी त्यांना बटणांना हातच लावू देत नाही. चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा बटणांच्या कितीतरी आधी : रुग्णाच्या तयारीत, खोलीत, अंगावर फिरवायच्या प्रोबवर, हाताच्या कोनात. आवाजाची लहर आत जाऊन परत येण्याची वाटच बंद असेल, तर पुढची सगळी बटणं फक्त खरखर वाढवतात. म्हणून इथं मी ज्या क्रमानं काम करते त्याच क्रमानं लिहिते आहे.

आदल्या रात्रीपासून

पोटाच्या तपासणीला सहा ते आठ तास उपाशी पोटी यायला सांगतात, हे सर्वांना ठाऊक आहे. का, हे रुग्णाला कुणी सांगत नाही. जेवल्यावर पित्ताशय आकुंचन पावतं. मग त्याची भिंत जाड दिसते आणि लहान खडे घडीत दडतात. जठर भरलेलं असलं की त्याच्या मागचं स्वादुपिंड झाकलं जातं. आतड्यात वायू वाढतो, आणि वायू हा आपल्या कामातला सर्वांत मोठा अडसर.

पण "उपाशी" हा शब्द आपल्याकडे घोटाळा करतो. हा संवाद माझ्याकडे किती वेळा झाला असेल :

"मावशी, सकाळपासून काही खाल्लंत?"

"नाही हो डॉक्टर. आज सोमवार, माझा उपासच आहे."

"म्हणजे अगदी काहीच नाही ना?"

"साबुदाण्याची खिचडी तेवढी. आणि अर्धा पेला दूध."

मावशींची काहीच चूक नाही. आपण जो शब्द वापरला त्याचा त्यांनी त्यांच्या घरातला अर्थ घेतला. तेव्हापासून आमच्या चिठ्ठीवर "उपाशी पोटी" लिहिलेलं नाही. तिथं लिहिलंय : रात्री नऊनंतर जेवू नये, सकाळी चहा, दूध, पाव-भाजी, उपासाचा फराळ यांतलं काहीही घेऊ नये, साधं पाणी चालेल. विडी-सिगारेट आणि च्युइंगम नको, कारण त्याबरोबर हवा गिळली जाते. मधुमेहाच्या रुग्णांना सकाळचा पहिला नंबर द्या, आणि इन्शुलिन किंवा गोळीचं काय करायचं ते त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून यायला सांगा. साखर उतरून घामाघूम झालेला माणूस टेबलावर श्वास धरू शकत नाही.

ओटीपोटासाठी लघवी भरलेली हवी. इथं गोव्याचा भूगोल मध्ये येतो. दिवाडीहून फेरीबोट धरून, पुढं बस बदलून येणाऱ्या बाईला "घरून चार पेले पाणी पिऊन या" असं सांगणं म्हणजे छळ आहे. ती एकतर वाटेत कुठंतरी लघवी करून येते, नाहीतर मूत्राशय इतकं तट्ट फुगलेलं असतं की ती सरळ झोपू शकत नाही. पाणी इथं आल्यावर प्यायला द्या आणि तासभर बसवा. अति भरलेलं मूत्राशयही चित्राला मारक असतं : गर्भाशय मागे ढकललं जातं, अंडाशय लांब जातात, आणि दोन्ही मूत्रपिंडांत थोडी सूज असल्याचा भास होतो. गर्भाशयाच्या वरच्या टोकाच्या किंचित पुढं मूत्राशय पोचलं की पुरे. मूत्रपिंडात सूज दिसलीच तर लघवी करून आल्यावर पुन्हा पाहिल्याशिवाय रिपोर्टमध्ये लिहू नका.

खोली, वीज आणि ओल

खोलीत काळोख नको, मंद उजेड हवा. खिडकीचा किंवा ट्यूबचा उजेड पडद्यावर पडला की डोळ्याला चित्र काळपट वाटतं, आपण नकळत गेन वाढवतो आणि सगळे रिपोर्ट त्या खोट्या गेनवर लिहिले जातात. मॉनिटरचा ब्राइटनेस एकदाच नीट लावा : पडद्याच्या कडेला असलेल्या राखाडी पट्टीतली काळ्याजवळची आणि पांढऱ्याजवळची शेवटची छटाही वेगवेगळी ओळखता आली पाहिजे. त्यानंतर त्या बटणाला कुणी हात लावायचा नाही.

विजेबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगते. माझ्या पहिल्या जागेत कलर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोय, लावला की पडद्यावर तुटक उभ्या रेषा नाचायच्या, तेही रोज नाही, काही ठरावीक वेळी. कंपनीचा इंजिनिअर दोनदा येऊन गेला, बोर्ड बदलण्याची भाषा झाली. शेवटी आमच्या मदतनीस ताईंच्या लक्षात आलं की रेषा येतात तेव्हा इमारतीचा पाण्याचा पंप चालू असतो. पंप आणि आमची खोली एकाच लाइनवर होती, आणि अर्थिंग नावापुरतं होतं. वायरमनला बोलावून मशीनसाठी वेगळी लाइन आणि वेगळं अर्थिंग करून घेतलं, आणि रेषा गेल्या त्या गेल्याच. तेव्हा पडद्यावर नियमित अंतरानं ठिपके किंवा पट्टे दिसले तर आधी आजूबाजूचे मोबाइल चार्जर, डिमर, पंखा, फ्रीज एकेक करून बंद करून पाहा. पावसात वीज डुलक्या घेते, म्हणून चांगला यूपीएस हवा. एकदम वीज गेल्यावर मशीन आदळल्यासारखं बंद होणं त्याच्या प्रकृतीला घातक आहे.

ओल हा आपल्याकडचा खास शत्रू. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तशी प्रोबच्या कनेक्टरच्या पिनांवरही ओल चढते. न वापरलेले प्रोब सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बंद डब्यात ठेवा. पोर्टेबल मशीन थंड एसी खोलीतून केंद्रातल्याच दुसऱ्या दमट खोलीत नेलं, तर आत दव धरतं. पोचल्याबरोबर चालू करू नका, अर्धा-पाऊण तास तसंच राहू द्या. आणि उन्हाळ्यात, विशेषतः खाणपट्ट्यात, ती लाल धूळ! मशीनच्या पंख्यासमोरची जाळी पंधरा दिवसांनी काढून धुतलीच पाहिजे. जाळी तुंबली की मशीन तापतं.

प्रोब हातात घेण्याआधी

१८८० मध्ये क्युरी बंधूंनी दाखवून दिलं की काही स्फटिक दाबले की वीज तयार होते. त्या गुणावरच आपला प्रोब चालतो. आत अशा शेकडो बारीक पट्ट्या असतात. प्रोब एकदा खाली पडला, केबल खुर्चीच्या चाकाखाली आली, की त्यातल्या काही मरतात. मशीन काही सांगत नाही. चित्रात नेहमी एकाच जागी एक उभी काळी पट्टी दिसू लागते आणि आपण तिला बरगडीची सावली समजून पुढं जातो.

तपासणी सोपी आहे. प्रोब पुसून कोरडा करा, जेल न लावता हवेत धरा. पडद्याच्या वरच्या बाजूला समांतर पांढरे पट्टे दिसतील. ते एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अखंड हवेत. मग एका नाण्याची कड थेंबभर जेल लावून प्रोबच्या पृष्ठभागावर एका टोकाकडून दुसरीकडं हळूहळू सरकवा. नाण्याखाली उजळ रेषा तुमच्याबरोबर चालत गेली पाहिजे. जिथं ती विझते तिथली पट्टी गेली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी हे करते आणि वहीत तारीख घालते. प्रोबच्या रबरी तोंडाला चीर किंवा फुगवटा दिसला तर तो प्रोब त्याच दिवशी बाजूला ठेवा, कारण तिथून जेल आत शिरतं आणि विजेचा धोकाही असतो.

कुठला प्रोब कशासाठी, याचा हिशेब एका वाक्यात बसतो : फ्रीक्वेन्सी जितकी जास्त तितका बारकावा अधिक आणि पोच कमी. मऊ ऊतींत आवाज सेकंदाला १५४० मीटर जातो असं मशीन धरून चालतं. त्यामुळे ३.५ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी ०.४४ मिलिमीटर येते, तर १० मेगाहर्ट्झला जेमतेम ०.१५. उलट बाजूनं, दर सेंटिमीटरला दर मेगाहर्ट्झमागं साधारण अर्धा डेसिबल आवाज विरतो. १० सेंटिमीटर खोल जाऊन परत येताना ३ मेगाहर्ट्झची लहर ३० डेसिबल गमावते, ५ मेगाहर्ट्झची ५०. फरक २० डेसिबल, म्हणजे परत येणारी शक्ती शंभरपट कमी. म्हणून जाड माणसाच्या यकृताला २ ते ५ मेगाहर्ट्झचा, गोलसर तोंडाचा कॉन्व्हेक्स, आणि थायरॉइड, स्तन, अंडकोश, स्नायूबंध यांना ७ ते १२ किंवा त्याहून वरचा, सपाट तोंडाचा लिनिअर. एक सवय मात्र लावून घ्या : पोट कॉन्व्हेक्सनं पाहून झालं की शंकेच्या जागी लिनिअर ठेवायचा. सडपातळ मुलाचं अपेंडिक्स, यकृताची खडबडीत कड, पोटाच्या भिंतीतला हर्निया यांत फार फरक पडतो.

खिडकी शोधणं

खिडकी म्हणजे आवाजाला आत जाऊन परत यायला मोकळी वाट. हा सर्वांत मोठा भाग आहे आणि यावर मशीनची किंमत चालत नाही.

त्वचा आणि प्रोब यांच्यामध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला तरी जवळजवळ सगळा आवाज तिथूनच माघारी फिरतो. म्हणून जेल भरपूर हवं. छातीवर, पोटावर दाट केस असतील तर जेल केसांत बोटांनी चोळून बसवा, वरून नुसतं ओतलं तर खाली बुडबुडे राहतात. योनीमार्गातून तपासायच्या टीव्हीएस प्रोबच्या कव्हरच्या आतही जेल घाला आणि टोकाशी बुडबुडा राहिला नाही ना ते बोटानं चाचपून पाहा. कव्हर चढवण्याआधी लॅटेक्सची अ‍ॅलर्जी विचारा. जेल संपलं म्हणून खोबरेल तेल वापरणारे मला भेटले आहेत. असं कधीही करू नका, तेलानं प्रोबचं तोंड खराब होतं. अर्धी बाटली मोठ्या कॅनमधून पुन्हापुन्हा भरत राहणंही टाळा, त्यात जंतू वाढतात. सुई घालायची असेल तिथं एकदाच वापरायचं निर्जंतुक जेलच हवं.

पुढं श्वास. "श्वास घ्या" म्हटलं की माणूस छाती वर उचलतो आणि यकृत होतं तिथंच राहतं. "पोट फुगवा" म्हणा. छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा खाली सरकतो, यकृत बरगड्यांच्या बाहेर येतं, त्यामागून पित्ताशय आणि उजवं मूत्रपिंड येतं. काहींना हे जमत नाही. त्यांना मी माझा हात त्यांच्या बेंबीवर ठेवून "माझा हात वर ढकला" असं सांगते. कोकणी बोलणाऱ्या आजींना कोकणीतून सांगितलं की पहिल्याच वेळी जमतं. श्वास फार वेळ धरायला लावू नका. चित्र गोठवलं की लगेच "सोडा" म्हणा. थकलेला रुग्ण पुढच्या दहा वेळा साथ देत नाही.

मग कूस. उताण्या रुग्णावर वीस मिनिटं झगडण्यापेक्षा डाव्या कुशीवर वळवायला वीस सेकंद लागतात. आतडी बाजूला घसरतात, यकृत पुढं येतं, पित्ताशयाची मान सरळ होते, खडा असेल तर तो जागा बदलतो. तरीही नाही दिसलं तर बसवा. प्लीहेसाठी प्रोब तुम्हाला वाटतो त्याहून मागे, जवळजवळ पलंगाला टेकून, बरगड्यांच्या फटीत फटीच्याच रेषेत धरा. प्रोब आडवा धरला की दोन बरगड्यांच्या दोन सावल्या पडणारच. यकृताच्या घुमटाखालचा भागही बरगड्यांच्या फटीतूनच सापडतो.

स्वादुपिंडासाठी पाणी हा माझा आवडता उपाय. बाकी सगळी तपासणी आटोपून शेवटी रुग्णाला बसवून दोन पेले साधं पाणी सावकाश प्यायला द्या, गटागटा नको, नाहीतर हवा आत जाते. पाच मिनिटं थांबा. पाण्यानं भरलेलं जठर हीच एक स्वच्छ काच होते आणि तिच्यामागं स्वादुपिंड शेपटापर्यंत उलगडतं.

दाबाचंही तंत्र आहे. वायूवर प्रोब टेकवून ठेवला तर वायू तिथंच राहतो. हळूहळू, रुग्णाच्या श्वास सोडण्याबरोबर दाबत गेलं तर आतड्याची वळकटी बाजूला सरते. १९८६ मध्ये पुयलार्ट या डच डॉक्टरांनी अपेंडिक्ससाठी नेमकं हेच, टप्प्याटप्प्यानं दाबण्याचं तंत्र मांडलं आणि ते आजही तितकंच उपयोगी आहे. दाब वाढवतानाही आणि सोडतानाही हळू. झटक्यानं हात काढला तर सुजलेल्या पोटाला फार दुखतं. याउलट शिरांवर, स्तनावर आणि थायरॉइडवर हलका हात हवा. पायातली शीर नुसत्या वजनानं मिटते आणि आपण "दिसत नाही" म्हणत शोधत बसतो.

शेवटी कोन. आवाज ज्या पृष्ठभागावर काटकोनात पडतो तिथून सर्वांत जास्त परत येतो. खांद्याचा स्नायूबंध प्रोब जरा कलला की काळा पडतो आणि फाटल्यासारखा दिसतो. प्रोबचं एक टोक किंचित दाबून, दुसरं उचलून कोन सरळ केला की तंतू पुन्हा उजळतात. हे दोन्ही बाजूंनी करून पाहिल्याशिवाय "टेंडन फाटलं" असं लिहू नका.

आता बटणं, पण क्रमानं

पहिल्यांदा योग्य प्रीसेट, म्हणजे त्या अवयवासाठी मशीनमध्ये आधीच बसवलेली सेटिंग. थायरॉइडच्या प्रीसेटवर पोट पाहणारे कमी नाहीत, आधीच्या रुग्णाचं तसंच राहिलेलं असतं.

मग डेप्थ. जे पाहायचंय ते पडद्याचा दोन-तृतीयांश भाग व्यापेल इतकी. यामागं वेळेचं गणित आहे. एक सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला आवाजाला १३ मायक्रोसेकंद लागतात. १६ सेंटिमीटरला एका रेषेला २०८, ८ सेंटिमीटरला १०४. खोली निम्मी केली की तेवढ्याच वेळात दुप्पट रेषा मिळतात, म्हणजे चित्र एकतर दाट होतं नाहीतर हालचाल गुळगुळीत दिसते. पाठीच्या कण्यामागचे रिकामे दहा सेंटिमीटर पाहण्यात तो वेळ वाया जातो. याच कारणासाठी गर्भाचं हृदय पाहताना सेक्टरची, म्हणजे पंख्यासारख्या चित्राची, रुंदीही कमी करा.

तिसरा फोकस. बाण नेमक्या जागेच्या पातळीवर किंवा किंचित खाली. लहान खड्याची सावली पडत नसेल तर आधी फोकस पाहा. किरण खड्याहून रुंद असेल तर बाजूनं निसटलेला आवाज सावली भरून काढतो. दोन-तीन फोकस लावले तर फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, पडतो, म्हणून हलणाऱ्या अवयवाला एकच ठेवा. काही नव्या मशीनवर फोकस लावावाच लागत नाही, तिथं हा भाग सोडा.

चौथी फ्रीक्वेन्सी. खोलवर चित्र विरत असेल तर गेनला हात लावण्याआधी एक पायरी खाली उतरा. यकृतात चरबी भरलेल्या रुग्णात जवळचा भाग पांढराफेक आणि मागचा काळोख असं चित्र नेहमीचं. तिथं खोलवर पोचणारा पेनिट्रेशन मोड लावा.

आणि आता गेन. पित्ताशय, मूत्राशय, मोठी रक्तवाहिनी यांचं पोकळ काळं दिसलं पाहिजे, यकृत मधल्या राखाडी छटेत. आधी टीजीसीचे, म्हणजे चित्राच्या वरच्या-खालच्या भागांचा गेन वेगवेगळा लावायचे, सगळे सरकते दांडे मध्यावर आणा, एकूण गेन लावा, मग दांडे लावा. यकृताची छटा वरपासून खालपर्यंत एकसारखी आली की झालं. मूत्राशयाच्या पुढच्या भिंतीमागं धुकं दिसत असेल तर वरचे दोन दांडे कमी करा. मूत्राशयामागचा भाग नेहमी जास्त उजळ येतो, कारण लघवीत आवाज फारसा विरत नाही. तिथले दांडे खाली आणले नाहीत तर गर्भाशयाच्या अस्तराची कड कधीच नीट दिसणार नाही.

हार्मोनिक्स, कंपाउंडिंग आणि बाकीची सजावट

हार्मोनिक्समध्ये मशीन पाठवलेल्या लहरीच्या दुप्पट फ्रीक्वेन्सीवर ऐकतं. ही लहर शरीराच्या आतच तयार होते, त्यामुळे पोटाच्या भिंतीतल्या चरबीनं केलेला गोंधळ बराच गळून पडतो. द्रवानं भरलेल्या गोष्टींना मी ते जवळजवळ नेहमी चालू ठेवते. पण पोच कमी होते. फार जाड रुग्णात खोलवर काही दिसेना झालं तर बंद करून पाहा.

कंपाउंडिंग अनेक कोनांतून चित्र घेऊन एकत्र करतं. कडा सुंदर येतात, दाणेदारपणा कमी होतो. पण आपल्याला हव्या असलेल्या सावल्याही पुसट होतात. मूत्रपिंडातला ३-४ मिलिमीटरचा खडा शोधताना कंपाउंडिंग बंद, हार्मोनिक्स चालू, फोकस खड्यावर. शंका राहिलीच तर कलर लावा. खड्यामागं रंगांची चमचमती शेपटी दिसते. आपल्याकडे मुतखड्याच्या कळा घेऊन उन्हाळ्यात येणाऱ्यांची रांग असते, त्यामुळे ही जोडी अंगवळणी पडलीच पाहिजे.

डायनॅमिक रेंज वाढवली की राखाडी छटा वाढतात, यकृतातली पुसट गाठ शोधायला ते बरं. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना कमी, म्हणजे कडा ठसठशीत. पर्सिस्टन्स मागच्या फ्रेम मिसळून चित्र मऊ करतो, पण हलत्या गोष्टी पुसतो. दाणे पुसणारं सॉफ्टवेअर मध्यम पायरीच्या वर नेऊ नका. चित्र चकचकीत होतं आणि लहान गोष्टी त्याबरोबर पुसल्या जातात.

एका स्लजची गोष्ट

सुरुवातीच्या वर्षांत, एका संध्याकाळी घाईत मी एका बाईंच्या पित्ताशयात तळाशी बारीक धूसर थर पाहिला आणि रिपोर्टमध्ये "स्लज", म्हणजे साचलेला गाळ, असं लिहून मोकळी झाले. त्या घाबरल्या. ऑपरेशनची चर्चा घरात सुरू झाली. त्यांच्या फॅमिली डॉक्टरनी मला फोन करून शांतपणे विचारलं, "पुन्हा एकदा पाहाल का?" आठवड्यानं सकाळी उपाशी बोलावलं. पित्ताशय काचेसारखं स्वच्छ. त्या संध्याकाळचं साठवलेलं चित्र मी उघडून पाहिलं : गेन चढलेला, हार्मोनिक्स बंद, आणि मी त्यांना कुशीवर वळवलंच नव्हतं. तो थर किरणाच्या जाडीमुळे आणि बाजूच्या क्षीण किरणांमुळे शेजारच्या आतड्यातून आलेला भास होता. मी त्या बाईंची माफी मागितली.

तेव्हापासून चार गोष्टी केल्याशिवाय मी तो शब्द लिहीत नाही. गेन उतरवते. हार्मोनिक्स लावते. वेगळ्या खिडकीतून, वेगळ्या कोनातून पाहते. आणि रुग्णाला वळवून दोन-तीन मिनिटं थांबते. खरा गाळ नव्या तळाकडे सावकाश सरकतो. भास प्रोबबरोबर फिरतो, गुरुत्वाकर्षणाला जुमानत नाही. दिसलेली गोष्ट दोन दिशांतून दिसली पाहिजे, ही अट मी प्रत्येक गाठीला, प्रत्येक सिस्टला लावते.

डॉपलर

कलरचा चौकोन हवा तेवढाच लहान ठेवा, मोठा ठेवला की फ्रेम रेट कोसळतो. कलर गेन ठिपके उडेपर्यंत वाढवा आणि मग एक-दोन पायऱ्या उतरवा. मंद प्रवाहासाठी स्केल (किती वेगापर्यंतचा प्रवाह दाखवायचा ते) आणि वॉल फिल्टर (मंद हालचाली गाळणारी चाळणी) दोन्ही खाली आणा. पिळलेल्या अंडकोशाची शंका असेल तर आधी निरोगी बाजूवर सेटिंग लावून घ्या आणि त्यालाच धक्का न लावता दुखऱ्या बाजूकडं जा. जास्त स्केलवर "प्रवाह नाही" असं ठरवून मूल ऑपरेशन टेबलवर जाऊ शकतं.

वेग मोजताना किरण आणि रक्तप्रवाह यांच्यामधला कोन ६० अंशांच्या आत हवा. ३० अंशांवर कोन लावण्यात ५ अंशांची चूक झाली तर वेगात सुमारे ६ टक्के फरक पडतो. ६० वर तीच चूक सुमारे १८ टक्क्यांची होते. मानेच्या धमनीत किती अडथळा आहे हे ज्या आकड्यावर ठरतं, तिथं हे परवडणारं नाही. कोन जमत नसेल तर रेषा वाकवून बघण्यापेक्षा प्रोबचं एक टोक दाबा.

गर्भ पाहताना

इथं स्वच्छ चित्राइतकीच आवाजाच्या मात्रेची काळजी आहे. पडद्यावरचे एमआय (आवाजाच्या यांत्रिक परिणामाचा अंदाज) आणि टीआय (उष्णतेचा अंदाज) हे दोन आकडे वाचण्याची सवय लावा. चित्र अंधूक असलं की आउटपुट पॉवर वाढवण्याचा मोह होतो, तो आवरा. आधी गेन, आधी खिडकी. पहिल्या तीन महिन्यांत कारणाशिवाय पल्स डॉपलर (एकाच जागेचा प्रवाह मोजणारा) लावू नका, ठोके मोजायला एम-मोड (हालचालीची रेषा काढणारा) पुरतो.

गर्भाच्या मानेमागची पारदर्शक पट्टी मोजताना बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर हवी, डोकं आणि छाती यांनीच पडदा भरला पाहिजे, आणि गेन खाली. गेन चढला की रेषा जाड होते आणि माप लहान येतं. इथं एका मिलिमीटरच्या दहाव्या भागानं आईची झोप उडते, म्हणून बाळ नीट वळेपर्यंत थांबा. आईला फेरी मारून यायला सांगा, हळूच पोट हलवा.

१९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यानं गर्भाचं लिंग पाहणं आणि सांगणं गुन्हा आहे. गर्भाच्या तपासणीच्या नोंदीचा फॉर्म एफ पूर्ण भरा, केंद्राच्या नोंदणीबाहेर मशीन हलवू नका. चित्र कितीही सुंदर येत असलं तरी त्या दिशेनं प्रोब नेण्याचं कारण नाही.

चित्र जपणं

मोजमाप नेहमी मोठ्या केलेल्या चित्रावर करा, आणि प्रत्येक अवयवाची दोन दिशांतली चित्रं साठवा. छापील थर्मल कागदावर विसंबू नका. आपल्या हवेत आणि उन्हात तो पिवळा पडतो, लॅमिनेट केला तर तापून काळा होतो. मूळ फाइल ठेवा.

दिवस संपला की प्रोबवरचं जेल मऊ कापडानं पुसा. वाळलेलं जेल खरवडू नका, ओल्या कापडानं भिजवून काढा. कंपनीच्या यादीत असलेलंच जंतुनाशक वापरा. टीव्हीएस प्रोबला प्रत्येक रुग्णानंतर उच्च पातळीचं निर्जंतुकीकरण, कव्हर वापरलं असलं तरीही. केबल सैल वेटोळं करून हुकाला अडकवा, पिळून नाही, आणि मशीनच्या चाकांपासून वर ठेवा. मग सगळे प्रोब त्यांच्या जागी बसलेत ना ते एकदा हातानं चाचपून पाहा आणि दिवा मालवा.